नवरीच्या गाडीची मागची चाकं

भवानीनगरच्या गाडीतळावर सर्जेरावांना शोधायचं तर डोळ्यांचा उपयोग नसे, कान लावावे लागत. माणूस उंचीनं बेताचा, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की कारखान्याच्या भोंग्यानं एखाद्या दिवशी रजा टाकली असती तरी पाळी चुकली नसती. तळावर उसाच्या बैलगाड्या ओळीनं उभ्या असत. त्यांच्या चाकांचं दुखणंखुपणं सर्जेराव बघत आणि बैलांचं मी. म्हणजे एकाच गाडीचे आम्ही दोन डॉक्टर.

"तुमचा पेशंट लाथ मारतो, माझा मारत न्हाय. एवढाच फरक," असं ते मला म्हणायचे. "म्हणून तुमाला पेन्शन आन् मला नुसता मान."

चाक डगडगायला लागलं की गाडीवान त्यांच्याकडं यायचा. सर्जेराव चाक दोन्ही हातांनी हलवून बघत, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत आणि सांगत, "वाशर घाला." बैलगाडीचं चाक आसावर फिरतं. फिरून फिरून झिजलं की खेळ पडतो. मग मागून एक वाशर सारायचं, फार तर दोन. चाक जागच्या जागी. हे औषध लागू पडलं नाही असं कधी झालं नव्हतं. ज्या माणसाचं एकच औषध आयुष्यभर लागू पडत आलंय त्याच्याविषयी मला आता जरा धास्ती वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मी त्यांच्या चहाला जायचो.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमारास सर्जेरावांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी काँटेसा आणली. पांढरी, लांबलचक, बोळात शिरली की पुढचं तोंड चावडीशी आणि शेपूट देवळाशी. लग्नात नवरीची गाडी म्हणून ती भाड्यानं द्यायची, असा बेत. जीपगाड्या आमच्याकडं पायलीला पन्नास होत्या, पण पाय दाबल्याबरोबर माणूस सीटला चिकटतो अशी गाडी तालुक्यात बहुधा हीच. इंजिन पुढं, ओढ सगळी मागच्या चाकांना. गाडी रिकामी असली की सर्जेराव इंदापूर रस्त्याला अशी सोडत की एस.टी.तली माणसं खिडकीतून बोटं दाखवायला वळेपर्यंत नुसता धुरळाच हाताला लागायचा.

पण आमचा रस्ता गळिताच्या दिवसांत रस्ता राहत नाही. ट्रॉल्यांमधून ऊस पडतो, चाकांखाली चेंगरतो, रस आणि पाचट आणि माती यांचा एक गुळगुळीत थर बसतो. एकदा कऱ्हाटीची नवरी घेऊन येताना कारखान्याच्या वळणावर सर्जेरावांनी जरा जोरात पाय दिला, तेव्हा गाडीचं मागचं अंग सरकलं ते सरकतच गेलं. गाडीनं पुरती मान वळवून आलेल्या वाटेकडं बघितलं आणि उभी राहिली. कुणाला काही झालं नाही. नवरी रडत होती, पण ती घरापासूनच रडत होती, त्यामुळं तक्रार आली नाही.

"मागचा पाय घसरतोय म्हंजे पैलवानाची मांडी बारीक हाय," सर्जेरावांनी निदान केलं. "मागची टायरं रुंद पायजेत."

निदान चूक नव्हतं. घाईचंही एक कारण होतं. त्यांची एकुलती एक लेक, छकुली, फाल्गुनात नरसिंहपूरकडं एका गावात द्यायची ठरली होती. ती ह्याच गाडीतून जाणार होती आणि गाडी तिचा बापच चालवणार होता.

बारामतीला टायर घ्यायला जाताना त्यांनी बुद्धघोषला बरोबर घेतलं. दोघं एका बाकावर शिकलेले. बुद्धघोष बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत होता. तयार झालेले भाग मापात आहेत की नाहीत हे तपासायचं आणि नसतील तर बाजूला काढायचे, ही त्याची नोकरी. स्वभावही त्याच मापाचा. बोलणं थोडं, पण बोलला की त्यातला शब्द काढता यायचा नाही. सर्जेराव त्याला बुधा म्हणत. मी नुसताच हवा खायला गेलो होतो.

दुकानात सर्जेरावांनी रुंद टायरावर तळहात असा फिरवला, जशी बाजारात बैलाच्या पाठीवर फिरवतात.

"ह्यो घ्यायचा."

"एवढा नको," बुद्धघोष म्हणाला. "एक माप रुंद घे. ते कंपनीच्या रिमवर बसतंय. त्याच्याहून रुंद घेतलास तर रिम बदलायला लागंल. रिम बदललीस तर चाक कुठं बसतंय ते बघाय लागंल."

"कुठं बसनार? चाकाच्या जागी."

"जागी म्हंजे किती आत, किती भाईर? भाईर आलं तर मडगार्डला घासंल. आत गेलं तर स्प्रिंगला."

"मग मधी बसवू."

"मधी बसाय मधी जागा पायजे ना, सर्जा."

दुकानाचे मालक हसले. सर्जेराव हसले नाहीत. "बुधा, तुमी कंपनीत केसाचं माप घेताय. ह्ये चाक हाय. चाकाला बोटाचं माप. मधनं बोट गेलं, की बसलं."

"बोट घाल. पर गाडी भरलेली असताना घाल. रिकाम्या गाडीला समदीच टायरं बसत्यात. चार माणसं आन् डिकीत सामान घेतल्यावर बॉडी खाली बसती. तवा बघायचं. आन् दोन्ही अंगांनी बघायचं, आतनं बी."

"बघतो की. तू सांगितल्याव न बघून कसं चालंल?" सर्जेराव म्हणाले. ते कुणाचाही सल्ला पुरता ऐकून घेत आणि अर्धा पाळत. कुठला अर्धा, हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर असे.

बुद्धघोष म्हणाला होता त्याच्याहून रुंद टायर आले. पुण्याच्या जुन्या बाजारातून रुंद रिमा आल्या. भोकं जुळली, म्हणजे सगळं जुळलं असं सर्जेरावांनी धरलं. गाडी मागून दिसायची मात्र झकास. आखाड्यात शड्डू ठोकून उभ्या राहिलेल्या गड्यासारखी. माणसं मुद्दाम मागून येऊन बघायची. पुढून गाडी कशी दिसते हे गाव त्या महिन्यात विसरूनच गेलं.

भरून बघायची परीक्षा तळावरच झाली. चार गाडीवान मागं कोंबले. लग्नाच्या तयारीला आलेली छकुलीची मावशी, भामाबाई, पुढं बसवली. भामाबाईंना बसवलं तेव्हा गाडी त्यांच्या बाजूला नम्रतेनं वाकली. "दाजी, मला काय वजनाला आनलीया का?" त्यांनी विचारलं. सर्जेराव म्हणाले, "मेव्हणे, तुमच्याबिगर ह्यो काटा बरुबर दावतच न्हाय." बाहेरून मडगार्डची कड टायरावर टेकली. सर्जेरावांनी ती लाकडी मोगरीनं ठोकून आत मुडपली. बोट गेलं. टाळ्या पडल्या.

"आतनं बघितलंस का?" बुद्धघोषनं विचारलं.

"आतनं बी तसंच आसनार. चाक येकच हाय की."

बुद्धघोष गुडघे टेकून खाली बघायला वाकला, तोवर माणसं हसत भराभरा उतरली आणि गाडी वर आली. दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्याला दुसऱ्या गावच्या कारखान्यावर पाठवलं. तो लग्नालाच येणार होता. जाताना तळावर थांबून एवढंच बोलला, "आतनं बघ, सर्जा. भरलेली असताना बघ."

त्याच आठवड्यात गाडीला वास यायला लागला. जळक्या रबराचा, थोडका. आधी वाटलं की कुणीतरी उसाच्या फडाकडं टायर पेटवलाय. मग लक्षात आलं की फड मागं पडतो आणि वास बरोबर येतो. सर्जेरावांनी चाक काढलं. टायरच्या आतल्या अंगाला एक चकचकीत रेघ उमटली होती, गोल, सबंध, सुबक. जणू कुणी रोज थोडी थोडी कोरत बसलं होतं.

मी शेजारीच एका बैलाच्या खुराला औषध लावत होतो. मान वर केली तर सर्जेराव चाकाच्या मागं मूठभर वाशरं घेऊन बसलेले.

"काय चाललंय?"

"चाक जरा आत शिरतंय. भाईर वढतोय."

"मोटारीलाही वाशरच?"

"डाक्टर, तुमी खूर बघा."

मी खूर बघितला. मोटारीच्या चाकाचं मला काय कळणार? मला जे कळलं ते नंतर, आणि अशा जागी की तिथं मला काही शिकायची अजिबात हौस नव्हती. बैलगाडीचं चाक आसावर बसतं, त्याचा भार आस घेतो. मोटारीचं चाक मोजक्या बोल्टांवर आवळलेलं असतं. मागं वाशरं सारून ते बाहेर ओढलं की बोल्ट तेवढे आखूड पडतात. सर्जेरावांनी नट पिळले तेव्हा त्यांना धरायला जेमतेम तीन-चार आटे उरले होते. नट घट्ट बसले. पान्यालाही घट्टच लागले. तीन आट्यांवरचा नट आणि पुऱ्या बोल्टावरचा नट पान्याला सारखाच लागतो.

वास गेला. सर्जेराव खूष. आवाज गेला, वास गेला म्हणजे दुखणं गेलं, असं मी बैलाच्या बाबतीतसुद्धा धरत नाही. पण बैल काही छकुलीला घेऊन जाणार नव्हता.

लग्न दुपारच्या मुहूर्तावर झालं. पंगती उठल्या. कुशाबाई, म्हणजे सर्जेरावांच्या घरच्या, लेकीच्या गळ्यात पडून रडल्या, मग मागच्या चाकांखाली लिंबं ठेवायला वाकल्या. चाक इतकं रुंद की लिंबू नेमकं कुठं ठेवावं हे बाईला कळेना. सर्जेरावांनी डिकी भरली. परात, हंडा, तांब्यापितळेची भांडी, रुखवताच्या टोपल्या, आणि वर कारखान्याच्या साखरेचं एक पोतं, लेकीच्या सासरी तोंड गोड करायला. मागच्या सीटवर छकुली, तिचा नवरा ऋषिराज आणि पाठराखीण म्हणून भामाबाई. पुढं सर्जेराव, पलीकडच्या कडेला बुद्धघोष, आणि दोघांच्या मध्ये गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून मी. प्रत्येक गिअरला मला आधी परवानगी द्यावी लागे. वऱ्हाडाचा ट्रक पुढं निघून गेला होता.

"थांबू नगं वाटंत," कुशाबाई खिडकीत तोंड घालून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच्यामागं आणखी काहीतरी होतं.

ते काय होतं हे गावाला ठाऊक होतं. नवरीची गाडी सासरच्या शिवेपर्यंत थांबवायची नाही, ही रीत सगळीकडंच आहे. सर्जेरावांच्या घरात ती रीत नव्हती, भीती होती. त्यांची थोरली बहीण, सारजाआक्का, बैलगाडीतून सासरी निघाली तेव्हा ओढ्यात गाडीचा कणा मोडला. दिवस कलेपर्यंत नवरी ओढ्याच्या काठी बसून राहिली. वर्षाच्या आत ती पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आली आणि तिथंच म्हातारी झाली. तिला कुणी वाईट बोललं नाही. फक्त तिचा विषय निघाला की माणसं आधी ओढ्याचं नाव घेत. त्या गाडीत सर्जेराव होते, लहान, आक्काच्या मांडीवर. पुढं सगळं सोडून हा माणूस चाकांच्याच नादाला का लागला, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही.

इंदापूर मागं पडलं. उन्हं उतरत होती. समोरून उसाच्या ट्रॉल्या येत होत्या, डुलत, रस्त्यावर पाचट सांडत. सर्जेराव रंगात होते. जावयाला सांगत होते, "आता बघा ऋषिराज, वळन आलं. पूर्वी ह्या वळनाला गाडी कंबर हालवायची. आता? हाय का हालचाल?"

"न्हाय मामा," ऋषिराज म्हणाला. नव्या जावयाला दुसरं उत्तर देता येत नाही.

खरंच, वळणाला गाडी जमिनीला चिकटून गेली. बावड्याच्या पुढं रस्ता अरुंद झाला. तिथं तो आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

टक.

मग काही नाही. मग पुन्हा, टक. गाडीचा वेग वाढला तसे ते टक जवळजवळ आले. बुद्धघोषनं मान थोडी तिरकी केली. तो बाहेर बघत होता, पण काहीच बघत नव्हता.

"मामा, कायतरी वाजतंय," ऋषिराज म्हणाला.

"भांडी हायती डिकीत," भामाबाई म्हणाल्या. "परात वाजतीया."

"परातच हाय," सर्जेराव म्हणाले. ते जरा जास्तच लवकर म्हणाले.

बुद्धघोष माझ्या पुढून वाकला आणि हळू आवाजात त्यानं विचारलं, "सर्जा, चाक आतनं लागत व्हतं का?"

"जरासं."

"मग काय केलंस?"

सर्जेरावांनी नजर रस्त्यावरून काढली नाही. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी तोवर ऐकला नव्हता. ओठ न हलवता म्हणाले, "वाशरं घातली."

"किती?"

"भाईर येस्तोवर."

बुद्धघोष मागं टेकला. तेवढ्यात माझ्या गुडघ्यांना गिअरचा दांडा थरथरताना लागला. पहिल्यांदा बारीक, एखाद्या जनावराच्या कातडीवरून माशी उठावी तसा. मग थांबेचना. आता तो टकटक आवाजही राहिला नव्हता. मागून काहीतरी खळाखळा हलत होतं, आणि मला चाकांमधलं काही कळत नसलं तरी पायात लंगडा झालेला बैल कसा चालतो ते कळतं.

समोर रस्ता उताराला लागत होता. उताराच्या तळाशी ओढ्यावरचा पूल दिसत होता, अरुंद, बिनकठड्याचा. पलीकडून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून पुलावर चढत होता.

"ब्रेक दाबू नको," बुद्धघोष म्हणाला. आवाज तसाच, दुकानात टायर बघताना होता तेवढाच. "पाय काढ. गिअर खाली घे. हळूहळू उभी कर."

"नवरीची गाडी हाय, बुधा."

"म्हनूनच."

"शीव आलीच. पूल वलांडला की शीव."

"पूल वलांडला तर."

"दाजी, थांबू नका हो," मागून भामाबाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या लेखी अजून परातीचाच होता, थांबायचं बोलणं तेवढं कानावर पडलं होतं. "काय आसंल ते शीव वलांडून बघा. आक्काचं इसरलात काय?"

सर्जेरावांनी पाय काढला नव्हता. दाबलाही नव्हता. गाडी उताराच्या ओढीनं आपोआप जोर धरायला लागली.

"आक्काची गाडी थांबली व्हती," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

"कना मोडला म्हनून थांबली," बुद्धघोष म्हणाला. "थांबली म्हनून कना मोडला न्हाय, सर्जा."

त्यांनी ते ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. पूल मोठा होत होता. ट्रॅक्टर पुलाच्या मध्यावर आला होता.

"आबा," छकुली बोलली. लग्न लागल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "परात मी फडक्यात गुंडाळलीया. हंड्यात पोतेरं कोंबलंय. डिकीतलं काय बी वाजत न्हाय."

सर्जेरावांनी आरशात बघितलं. मुंडावळ्यांच्या मागून ती त्यांच्याकडं बघत होती.

"मला हितं उतरायचंय, आबा."

"छकुले, रीत न्हाय ती," भामाबाई म्हणाल्या.

"मला उतरायचंय."

सर्जेरावांनी पाय काढला. गिअर खाली घेताना माझ्या गुडघ्यावर त्यांचा हात आपटला. गाडी कण्हली. मागून एक जाड धक्का बसला, मग दुसरा, आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या भुसभुशीत मातीत शिरून उभी राहिली. ट्रॅक्टर आमच्या शेजारून दोन्ही ट्रॉल्या डोलवत चढ चढून गेला. त्याच्या ड्रायव्हरनं नवरीची गाडी बघून मजेत हॉर्न दिला.

आम्ही उतरलो. उजव्या मागच्या चाकाचा एक नट गेला होता. दुसऱ्याला बुद्धघोषनं बोट लावलं तर तो बोटाबरोबर फिरला. उरलेल्यांना त्यानं हात लावला नाही. सर्जेराव चाकाशी उकिडवे बसले होते आणि डोळे मिटून काहीच ऐकत नव्हते.

"आता वो?" भामाबाईंनी विचारलं. त्यांचा पदर तोंडाशी गेला होता. "नवरी वाटंत हुबी राह्यली. आता काय तोंड दावायचं?"

"मावशे, मी हाय ना हुबी," छकुली म्हणाली. "हुबी हाय न्हवं?"

एवढ्यात मागून एक रिकामी बैलगाडी आली. ऊस खाली करून फडाकडं परत निघालेली. गाडीवान गेणबा, मूळचा आमच्याच तळावरचा, यंदा इकडच्या कारखान्याला लागलेला. त्यानं नवरी बघितली, गाडी बघितली, सर्जेरावांकडं बघितलं आणि काही न विचारता बैल थांबवले.

"सर्जातात्या, बसवा त्यास्नी. मी तिकडंच चाललोय."

परात, हंडा, पोतं, सगळं बैलगाडीत चढलं. पाचटावर चादर अंथरून नवरा-नवरी बसली. भामाबाईंना चढवायला आम्ही तिघं लागलो, आणि एवढ्या प्रसंगातही गेणबा बैलांना "हुशार रे" म्हणाला. सर्जेरावांनी बैलगाडीची दोन्ही चाकं एकेक करून हलवून बघितली. खेळ नव्हता. तरी ते गाडीत बसले नाहीत. मागच्या फळीला हात लावून ते गाडीबरोबर चालत निघाले. पुलावर ते अगदी कडेनं, ओढ्याच्या बाजूनं चालत होते.

मागं मी आणि बुद्धघोष राहिलो. रस्त्यात अडचण नको म्हणून त्यानं गाडी आणखी थोडी कडेला ढकलायचं ठरवलं. आम्ही दोघांनी खांदा लावला. गाडी वीतभर हलली असेल. आतून काडकन आवाज झाला, बोल्ट तुटले, गाडी उजव्या मांडीवर मटकन खाली बसली आणि चाक मोकळं झालं. ते पडलं नाही लगेच. उतारानं आपलं आपण थोडं चाललं, पुलाच्या दिशेनं, मग एका खड्ड्यात अडखळून गोल फिरत आडवं झालं.

तिथं मला बुद्धघोषनं आट्यांचं सगळं समजावून सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता. आम्ही दोघंही पुलाकडं बघत होतो. पुलाखाली पाणी थोडं होतं. दगड पुष्कळ होते.

सर्जेराव परत आले तेव्हा सांज झाली होती. चाक बघितलं, पूल बघितला आणि चाकावरच बसले.

"पोचली?" बुद्धघोषनं विचारलं.

"पोचली. माप वलांडलं. सासू म्हनाली, आमच्यात उसाच्या गाडीतनं आलेली नवरी लक्षुमी मानत्यात."

"आसं मानत्यात?"

"कुनी बी मानत न्हाय. पर ती म्हनाली." त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "बुधा, कुशीला काय सांगू?"

"सांग, गाडी थांबवली."

"ती मला आत घ्यायची न्हाय."

"मग आमच्याकडं ये. कायतरी शिजवू."

ती रात्र सर्जेराव खरंच बुद्धघोषच्या घरी झोपले, म्हणे. झोपले असं बुद्धघोष म्हणतो.

पुढचं वर्ष त्या माणसाचं कसं गेलं ते मी जवळून बघितलंय. बावड्याच्या बाजूनं कुणी तळावर आलं, की सर्जेराव हातातलं काम टाकून उभे राहत. आलेला माणूस बैलाचा पट्टा मागायला आलेला असे. मग खाली बसत. गावातल्या बाया महिने मोजत होत्या. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मोजणाऱ्यांच्या ओठांची हालचाल दिसते. पावसाळ्यात ऋषिराजला विषमज्वर झाला. ती बातमी आली तेव्हा सर्जेरावांनी जेवण सोडलं. कुशाबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्याच, आता त्या रडतही नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. बुद्धघोष रजा काढून दवाखान्यात दोन दिवस बसून आला आणि येऊन त्यानं सांगितलं, "ताप उतरतोय." सर्जेरावांनी विचारलं, "मोजलास?" तो म्हणाला, "मोजला."

ऋषिराज बरा झाला. वर्ष सरलं. छकुली दिवाळसणाला आली, पंचमीला आली, आता तिची पोरं आजोबांच्या आवाजाला घाबरत नाहीत. पण बाया अजून अधूनमधून हिशेब करतात, कारण भीतीला मुदत नसते.

गाडी दुरुस्त झाली. रुंद रिमा परत जुन्या बाजारात गेल्या. बुद्धघोषनं सांगितलेलं एक माप रुंद टायर कंपनीच्या रिमवर बसले. ते बसवले त्या दिवशी सर्जेरावांनी भामाबाईंना पुन्हा बोलावणं धाडलं, चार गाडीवान मागं, पोतं डिकीत. कुणालाही हलू न देता आधी बुद्धघोष गाडीखाली गेला, मग सर्जेराव. दोघं पालथे पडून आतून बोटं घालत होते आणि वर भामाबाई विचारत होत्या, "दाजी, झालं का? माझ्या पायाला मुंग्या आल्या." वाशर नव्हतं. वळणाला गाडी पूर्वीएवढी चिकटून जात नाही, जरा सरकते. सर्जेराव मग पाय काढतात.

आजही लग्नाला ती गाडी जाते. नवरी बसली, सामान भरलं, सगळे पाव्हणे घाईत असले तरी सर्जेराव रेशमी फेटा काढून नवऱ्या मुलाच्या हातात देतात आणि गाडीखाली शिरतात. वरबाप चिडतो, भटजी घड्याळ बघतो. ते ऐकत नाहीत. मग गाडी निघते आणि त्यांचं बोलणं सुरू होतं. ऊस, कारखाना, बैल, जावई. नवरी त्याच वाटेची असली तर इंदापूर गेलं, बावडा गेला, बोलणं चालूच. उताराला लागल्यावर मात्र ते बोलायचे थांबतात, गिअर खाली घेतात, खिडकीची काच उतरवतात आणि मान जराशी मागं करून कान देतात. पूल संपेपर्यंत गाडीत कुणी बोललेलं त्यांना चालत नाही.